सतोपंथ: शिखराचा दिवस कसा ठरवायचा

पाच जणांचा गट आहे. सगळ्यांचे गिर्यारोहणाचे बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स कोर्स झालेत, सहा हजार मीटरचं एक शिखरही मिळून केलंय. आता गढवालमधलं सतोपंथ करायचं आहे, उंची ७,०७५ मीटर. सप्टेंबरमध्ये दिल्ली ते दिल्ली २८ दिवसांची सवड आहे. विचारणा अशी की शिखराचा दिवस कोणता धरावा, म्हणजे तिथून उलटं मोजत कॅम्पचं वेळापत्रक बसवता येईल.

शिखराचा दिवस धरूच नका. पट्टा धरा, साधारण २० सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर. या पंधरवड्यात डोंगर नेमका कधी वाट देईल हे घरी बसून कुणालाच सांगता येणार नाही. तो देईल तेव्हा पाचही जण उंचीला सरावलेले आणि ताजेतवाने असावेत, वरच्या कॅम्पला पुरेसं सामान पोचलेलं असावं, एवढंच आपल्या हातात असतं. तारखेवरून उलटं मोजलेल्या वेळापत्रकात एक दिवस वाया गेला की तो कुठून तरी भरून काढावा लागतो. मी पाहिलंय की तो कायम विश्रांतीतून नाहीतर बर्फ बसण्याची वाट बघण्यातून कापला जातो. जिथे हात लावायचा नाही, नेमका तिथेच.

आधी त्या २८ दिवसांचा हिशेब मांडू, कारण माझी मोठी हरकत त्यालाच आहे. दिल्लीहून उत्तरकाशी, तिथे वनखात्याची परवानगी, शिधा, पोर्टरची जमवाजमव, मग गंगोत्री. यात चार दिवस जातात. गंगोत्री ३,०५० मीटरच्या आसपास आहे, तिथे एक पूर्ण दिवस थांबायचं. पुढे चीडबासा, भोजबासा, गोमुखच्या वरून हिमनदी ओलांडून नंदनवन आणि तिथून वासुकी ताल, म्हणजे आपला बेस कॅम्प. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज सुमारे ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, हा नियम पाळला तर बेस कॅम्प लागायला दहावा दिवस उजाडतो. परतीला बेसपासून दिल्लीपर्यंत पाच दिवस धरा. डोंगरावर उरतात तेरा. कॅम्प वन आणि कॅम्प टूच्या लोड फेऱ्या (सामान वर पोचवण्याच्या खेपा), वर झोपून परत खाली येणं आणि मधली विश्रांती यालाच बारा दिवस हवेत. शिखराच्या प्रयत्नाला बेस ते बेस पाच-सहा दिवस वेगळे. हिशेब आत्ताच तुटीत आला, आणि अजून हवा एक दिवसही बिघडलेली नाही.

पस्तीस दिवस मिळवा. मिळत नसतील तर या वर्षी ६,५०० मीटरच्या आतलं एखादं शिखर घ्या आणि सतोपंथ पुढच्या वर्षी करा. तुमची तयारी कमी पडते असं मला म्हणायचं नाही. पाच चांगले गिर्यारोहक हातात मोकळा दिवस नसला की वाईट निर्णय घेतात, मग अनुभव कितीही असो.

सप्टेंबरची निवड चुकीची नाही, फक्त तिच्यात काय काय येतं ते समजून घ्या. गढवालमध्ये मोसमी पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास पोचतो आणि सप्टेंबर सरता सरता माघार घेतो. म्हणून इथे चढाईचे दोन हंगाम पडतात. मे ते जूनचा मध्य हा पहिला. त्या वेळी हिवाळ्याचा बर्फ शिल्लक असतो, हिमनदीवरच्या भेगा झाकलेल्या असतात, दिवस चौदा तासांचा मिळतो. पण दुपारनंतर सगळं भुसभुशीत होतं, आणि झाकलेली भेग उघड्या भेगेपेक्षा जास्त घातक असते. पावसाळ्यानंतरच्या हंगामात भेगा उघड्या दिसतात, धारेवर, म्हणजे डोंगराच्या अरुंद कण्यावर, टणक बर्फ लागतो, दिवस बारा तासांवर आलेला असतो. शिवाय ऑक्टोबर जसा पुढे जातो तसा पश्चिमेकडून वाहणारा जेट प्रवाह (फार उंचावरचा वेगवान वारा) उत्तरेकडून पुन्हा हिमालयाच्या माथ्यावर येतो आणि वारा दर आठवड्याला वाढत जातो. लवकर गेलात तर पाऊस, उशिरा गेलात तर वारा आणि थंडी. त्या दोहोंच्या मधला म्हणून तो पंधरवडा.

हे गणित गढवालपुरतं आहे. तुमचं आधीचं शिखर लडाखमध्ये झालं असेल तर तिथला अनुभव इथे जसाच्या तसा लावू नका. झंस्कारमधलं नुन (७,१३५ मीटर) पहिल्यांदा चढलं गेलं ते २८ ऑगस्ट १९५३ ला, म्हणजे गढवालमध्ये धो धो पाऊस चालू असतो त्या दिवसांत. ते शक्य झालं कारण तो भाग पर्जन्यछायेत येतो. उलट सिक्कीममध्ये पाऊस जूनच्या सुरुवातीलाच दाखल होतो. आणि पर्जन्यछाया म्हणजे अभय नाही, हे ऑगस्ट २०१० मध्ये लेहला झालेल्या ढगफुटीने दाखवून दिलंच आहे.

सतोपंथवरची पहिली चढाईसुद्धा पावसाळ्यातली आहे. १९४७ मध्ये गिर्यारोहक आंद्रे रॉश ज्यात होते त्या स्विस पथकाने ती केली. पावसाळ्यातही उघडीप मिळते हे त्यातून दिसतं, पण ते पथक कितीतरी आठवडे याच भागात मुक्काम ठोकून होतं आणि त्याच मोहिमेत त्यांनी केदारनाथसह आणखी शिखरं केली. उघडीप येईल तेव्हा निघायला ते तिथे हजर होते. आपल्याला रजेचे दिवस मोजून मिळतात, म्हणून आपण हंगामाच्या मध्यावर जातो.

आता माझ्या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. हवा बिघडून गेली की तीन गोष्टी सुधारतात, आणि त्या एकाच वेळी सुधारत नाहीत. आभाळ आधी उघडतं. वारा त्यानंतर पडतो, कधी एक दिवसाने, कधी तीन दिवसांनी. बर्फ सगळ्यात शेवटी बसतो. तंबूतून दिसतं फक्त पहिलं. तीन दिवस तंबूत अडकून पडलेल्या माणसाला निळं आभाळ दिसलं की त्याचे पाय आपोआप बुटांकडे वळतात. डोंगरावरची मोठी हानी बहुतेक वेळा याच मधल्या काळात होते, आभाळ उघडल्यापासून बर्फ बसेपर्यंत.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी त्रिशूलवर (७,१२० मीटर) नौदलाच्या मोहिमेला हिमस्खलनाने गाठलं. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ वर (५,६७० मीटर) नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक हिमस्खलनात सापडले आणि दोन डझनांहून अधिक जीव गेले. त्या पथकांच्या निर्णयांवर मला काहीही बोलायचं नाही, तो माझा अधिकारही नाही. मी फक्त तारखांकडे बोट दाखवतोय. दोन्ही तारखा आपण ज्याला उत्तम हंगाम म्हणतो त्याच पंधरवड्यातल्या आहेत. सप्टेंबरमध्ये उत्तरकाशीला शेवटच्या सरी पडत असतात तेव्हा साडेपाच हजार मीटरच्या वर तोच पाऊस बर्फ होऊन साचत असतो. खाली रस्ते सुकतात, शेतं पिवळी पडू लागतात, आणि वर नवा बर्फ जुन्या टणक थरावर नुसता टेकलेला असतो.

तो धरून का राहत नाही, तेही थोडक्यात सांगतो. नवा बर्फ जुन्या कठीण पृष्ठावर पडला की त्याला चिकटायला वेळ लागतो. वारा असेल तर तो वाऱ्याच्या बाजूचा बर्फ उचलून धारेच्या पलीकडे, आडोशाच्या उतारावर नेऊन दाबून बसवतो. तिथे वरून टणक आणि खालून पोकळ अशी पाटी तयार होते. बहुतेक पाट्या सुटतात त्या ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर, म्हणजे नेमकं चढायला सोयीचे वाटतात त्या उतारांवर. बर्फ पडल्यानंतरचे पहिले २४ ते ४८ तास सगळ्यात वाईट. उन्हातला उतार लवकर बसतो, सावलीतला आणि थंड उतार आठवडाभरही घेतो. माझा नियम असा आहे: वरच्या कॅम्पला फूटभर किंवा जास्त बर्फ पडला तर दोन पूर्ण उघडे दिवस आणि दोन कडक गोठलेल्या रात्री गेल्याशिवाय मोठ्या उतारावर पाऊल नाही. उतार उत्तरेचा असेल तर आणखी एक दिवस. सतोपंथवर हे लागू पडतं ते सुरीसारखी धार संपल्यानंतर, शिखराकडे जाणाऱ्या रुंद हिमउतारावर. धारेवर तुमचं सगळं लक्ष तोल सांभाळण्यात असतं. ती ओलांडली की सुटल्यासारखं वाटतं, आणि हिमस्खलनाचा खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

पट्टा ५ ऑक्टोबरला का संपवला? ऑक्टोबरमध्ये गढवाल बंगालच्या उपसागरावर अवलंबून असतो, हे फार जण लक्षात घेत नाहीत. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळ १२ तारखेला विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर धडकलं, आणि दोनच दिवसांनी नेपाळमध्ये अन्नपूर्णा परिक्रमेच्या थोरोंग ला खिंडीत आणि आसपासच्या भागात बर्फाच्या वादळाने चाळीसच्या वर माणसं गेली. १७ ते १९ ऑक्टोबर २०२१ या दिवसांत उत्तराखंडमध्ये अवेळी अतिवृष्टी झाली. मुक्तेश्वरला एका दिवसात ३४० मिलिमीटर पाऊस पडला, आणि वर लमखागा खिंडीत ट्रेकर मेले. उपसागरावरचा ओलावा आणि पश्चिमेकडून येणारा विक्षोभ एकत्र आले की हिमालयात काय होतं, त्याचं हे उदाहरण. म्हणून अंदाज बघताना फक्त गढवाल बघू नका. आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्याकडेही नजर ठेवा. तिथे कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय असं कळलं तर तुमच्याकडे साधारण तीन-चार दिवस असतात. ते वर चढण्यात घालवू नका.

घरी बसून करण्यासारखं पुष्कळ आहे. हिमालयन क्लब १९२८ पासून आहे आणि त्याचं हिमालयन जर्नल १९२९ पासून निघतं. सतोपंथच्या जुन्या-नव्या मोहिमांचे वृत्तांत काढा आणि वाचताना तारखांबरोबर बर्फाचं वर्णन टिपून ठेवा: धारेवर बर्फ होता की काचेसारखा टणक आईस, कॅम्प टू नेमका कुठे लावला, दोर किती लागला, कुठल्या दिवशी आणि कशामुळे परत फिरले. अपयशी मोहिमांचे वृत्तांत जास्त कामाचे. १९८० च्या दशकातलं वर्णन आज जसंच्या तसं लागू पडेल असं मात्र धरू नका. हिमनद्या मागे हटल्यात, जिथे हिमउतार होता तिथे आता सुटे दगड लागू शकतात.

दुसरं काम उपग्रहचित्रांचं. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. त्यात दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो आणि दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून नवं चित्र येतं. मागच्या चार-पाच वर्षांची सप्टेंबर मध्य ते ऑक्टोबर मध्य या काळातली चित्रं शेजारी शेजारी लावा. हिमरेषा कुठे आहे, सुंदर नावाच्या हिमनदीवर भेगांचे पट्टे कुठे उघडतात, कुठल्या वर्षी कधी नवा बर्फ पडला आणि किती दिवसांनी ओसरला, हे सगळं दिसतं. निघायच्या आदल्या आठवड्यातलं चित्र छापून बरोबर घ्या. एका संध्याकाळच्या कामात तुम्हाला डोंगराची त्या वर्षीची अवस्था कळते, आणि हल्ली हे न करता मोहिमेला निघण्याचं काही कारण उरलेलं नाही.

हवामानाच्या अंदाजाबद्दल. फोनवर गंगोत्री गावाचा अंदाज बघून सात हजार मीटरचा निर्णय घेता येत नाही. वारा हवेच्या दाबाच्या पातळीवर बघा, दाब हेक्टापास्कलमध्ये मोजतात. ५०० हेक्टापास्कलची पातळी या दिवसांत साधारण ५,८०० मीटरवर असते, म्हणजे तुमचा कॅम्प टू. ४०० ची पातळी साडेसात हजारांच्या आसपास, म्हणजे शिखराच्या थोडी वर. या दोन पातळ्यांवरचा वारा तुमच्या कामाचा. हवामान अंदाजाची युरोपीय आणि अमेरिकी अशी दोन्ही संगणकी मॉडेलं बघा. दोन्ही जुळत असतील तर चार दिवसांपर्यंत भरवसा ठेवता येतो. जुळत नसतील तर दोन दिवसांपलीकडचं काही धरू नका. ही मॉडेलं डोंगर गुळगुळीत करून बघतात, नऊ ते तेरा किलोमीटरच्या एका चौकोनात दरीही येते आणि शिखरही. म्हणून हिमवृष्टीचा आकडा नेहमी किमान समजायचा. भारतीय हवामान विभागाचा उत्तराखंडचा जिल्हावार इशाराही बघत जा, कारण खालचा रस्ता कधी बंद पडेल ते त्यातून कळतं.

शिखराच्या दिवशी ४०० च्या पातळीवर ताशी ३० किलोमीटरपर्यंतचा वारा मी स्वीकारतो. ४० च्या पुढे नाही. सप्टेंबर अखेरीस पहाटे सात हजारांवर उणे १५ ते २० असतं. उणे २० ला ४० किलोमीटरचा वारा सुटला की उघड्या कातडीला तो उणे ३४ सारखा लागतो, आणि सुरीसारख्या धारेवर हातमोजा काढून दोर हाताळायची वेळ येतेच.

हा अंदाज बेस कॅम्पला पोचणार कसा, याची सोय आधी करा. आपल्याकडे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन वापरणं बेकायदा आहे. थुराया आणि इरिडियमचे फोन तर आलेच, पण खिशात मावणारी उपग्रह संदेशयंत्रंही त्यात येतात. विमानतळावर ती सापडून लोकांना ताब्यात घेतलं गेलं आहे. कुणी उधार दिलं म्हणून बरोबर नेऊ नका. रीतसर मार्ग बीएसएनएलच्या सॅटेलाइट फोनचा. त्याच्या कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून तीन-चार महिने आधी हात घाला. फोन मिळाला तर घरी एक माणूस नेमा, ज्याला मॉडेल वाचता येतं आणि ज्याला तुमच्या शिखराची घाई नाही. रोज ठरलेल्या वेळी त्याने एवढंच सांगायचं: पुढच्या तीन दिवसांचा ५०० आणि ४०० चा वारा, हिमवृष्टी, आणि दोन मॉडेलं जुळतात का. "हवा चांगली दिसतेय" असला निरोप त्याने द्यायचा नाही.

फोन नसेल तरी आंधळे राहत नाही. दाबावर चालणारं उंचीमापक हे बेस कॅम्पचं हवामान खातं आहे. रोज रात्री नऊला, त्याच जागी, आकडा वहीत लिहा. दिवसातल्या दिवसात दाब थोडा खालीवर होतोच, म्हणून सकाळ-संध्याकाळची तुलना करू नका. काल रात्री नऊ आणि आज रात्री नऊ अशी करा. वासुकी तालच्या उंचीवर एक हेक्टापास्कल म्हणजे साधारण १४ मीटर. तुम्ही जागचे हलला नाहीत आणि उंचीमापक म्हणतंय की ४० मीटर वर आलात, तर दाब तीन हेक्टापास्कलने उतरला आहे. दुसऱ्या दिवशीही तीच दिशा राहिली तर बेस सोडू नका. याच्या जोडीला पश्चिमेकडून येणारे पिसासारखे उंच ढग, सूर्याभोवतीचं खळं, शिखरांवर भिंगाच्या आकाराचे ढग, आणि नेहमीपेक्षा उबदार रात्र. यातल्या एकट्या खुणेवर मी फारसं विसंबत नाही, पण दाब उतरतोय आणि रात्री पाणी गोठलं नाही असं एकत्र आलं तर मी लोड फेरी रद्द करतो.

बर्फ वाचायचा तो पायाने आणि हाताने. लोड फेऱ्यांचा खरा उपयोग हाच आहे, सामान तर पोचतंच. रोज तीच वाट चालताना बूट किती खोल जातो ते लिहा. घोट्यापर्यंत ठीक, पोटरीपर्यंत जपून, गुडघ्यापर्यंत गेला तर त्या दिवशी उतारावर जायचं नाही. आईस अ‍ॅक्सचा दांडा सावकाश दाबत खाली न्या. हाताला विरोध सारखा वाढत जायला हवा. मध्येच दांडा मोकळा सुटून खाली गेला तर तिथे कच्चा थर आहे. मग फावडं काढा, खड्डा खणा आणि बघा. त्या थरातले कण साखरेसारखे सुटे असतील आणि मुठीत दाबून गोळा होत नसेल, तर त्या उताराचा विचार सोडा. चालताना पायाखालून "धुप्प" असा आवाज आला किंवा पावलापासून तडा पळत गेला, तर कसलीही चाचणी करत बसू नका. एकेक जण, अंतर ठेवून, आल्या वाटेने मागे फिरा.

ऊन उतारावर कधी पोचतं तेही लिहून ठेवा. कॅम्प वनला बसून बघितलं की कळतं: अमुक घळीत ऊन सव्वासातला येतं, पहिला दगड आठच्या सुमारास सुटतो, साडेनऊनंतर दगड थांबत नाहीत. दोन-तीन दिवसांच्या अशा नोंदी झाल्या की कुठली जागा किती वाजेपर्यंत ओलांडायची याचं तुमचं स्वतःचं वेळापत्रक तयार होतं, आणि कुठल्याही छापील वर्णनापेक्षा ते खरं असतं. गोमुखच्या वरच्या मोरेनलाही (हिमनदीने आणलेल्या दगडगोट्यांच्या राशीला) हेच लागू आहे. सकाळी लवकर ओलांडा, कारण दुपारी सुटणारे दगड आणि वाढलेले ओढे तिथेही असतात.

शरीराबद्दल थोडक्यात लिहितो, कारण कोर्समध्ये ते शिकलात. एवढंच की कॅम्प टूला, म्हणजे सहा हजारांच्या आसपास, शिखराच्या प्रयत्नाआधी किमान एक रात्र, शक्यतो दोन, काढलेल्या असाव्यात आणि त्यानंतर वासुकी तालला पूर्ण दोन दिवस विश्रांती व्हावी. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला वाढत असेल किंवा चालताना तोल जात असेल तर त्याच वेळी खाली उतरायचं, रात्र असली तरी. सकाळपर्यंत बघू, हे वाक्य तुमच्या मोहिमेत कुणी उच्चारू नये.

सामानाचं नियोजन करताना वाट बघण्याचे दिवस सामानात धरा. वरच्या कॅम्पला पाच जणांचा शिधा आणि इंधन गरजेपेक्षा तीन दिवस जास्त हवं. माणशी दिवसाला चार लिटर पाणी, तेही सगळं बर्फ वितळवून. त्याला माझ्या अंदाजाने माणशी २०० ग्रॅम गॅस लागतो. पाच जणांचा किलोभर, म्हणजे रोज २३० ग्रॅमचे चार-पाच डबे. डबे घेताना त्यात आयसोब्युटेन आणि प्रोपेन आहे ना ते बघा. साधा ब्युटेन शून्याच्या जवळपास वायू होणं सोडतो आणि पहाटे स्टोव्ह पेटत नाही. इंधन संपलं म्हणून वादळात खाली उतरावं लागणं किंवा इंधन संपायच्या आत म्हणून कच्च्या बर्फावर वर जाणं, दोन्ही टाळण्याचा उपाय हे जादा डबे आहेत. इथे वजन वाचवू नका. कॅमेऱ्याच्या लेन्सा घरी ठेवा.

पोर्टरशी परतीचा दिवस ठरवतानाही पट्टाच ठरवा. ठरल्या दिवशी ते वासुकी तालला आले आणि तुम्ही वर असलात तर त्यांचा खोळंबा होतो आणि तुमच्यावर दडपण येतं. थांबण्याच्या दिवसांची मजुरी आणि त्यांचं जेवण आधीच बोलून घ्या आणि ते पैसे वेगळे काढून ठेवा. त्यांच्याकडे उबदार कपडे आणि निजायची सोय आहे का, हे गंगोत्रीला स्वतः तपासा, तोंडी विचारून सोडू नका.

शिखराच्या रात्री एक ते दोनच्या दरम्यान निघा. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस मिळाले तर धारेवर फार मदत होते, पण चंद्रासाठी बर्फाची अट सोडायची नाही. परत फिरण्याची वेळ बेस कॅम्पला ठरवा आणि पाचही जणांच्या वहीत लिहा. मी सकाळी अकरा धरतो. शिखर शंभर मीटरवर असलं तरी अकराला फिरायचं, कारण दुपारी मऊ झालेली ती धार थकलेल्या पायांनी पुन्हा ओलांडायची आहे, आणि तिथे दोरासाठी बर्फात ठोकलेले खुंटे, म्हणजे स्नो स्टेक, उन्हाने ढिले झालेले असतात. वर जाताना धारेवर दोर पक्का लावलात तो मुख्यतः या उतरतीसाठी, हे ध्यानात ठेवून अँकर (दोर बांधायच्या पक्क्या जागा) निवडा. सकाळच्या उन्हाकडे तोंड करून असलेली जागा अँकरला वाईट.

निर्णय कुणी घ्यायचा? नेता निर्णय घेतो, पण "नको" म्हणायला एक जण पुरे, असं आधीच ठरवा. कुणाचंही "नको" चर्चेला घ्यायचं नाही, त्याने कारण दिलं नाही तरी. वर गेल्यावर सगळ्यात नवख्या माणसाला काहीतरी खटकत असतं आणि तो ज्येष्ठांपुढे बोलत नाही. त्याला बोलता यावं म्हणून हा नियम बेस कॅम्पला मोठ्याने सांगून ठेवा.

राहिली कागदपत्रं. इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनकडे शिखराचा अर्ज करताना कालावधी पूर्ण मागा, १ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाची परवानगीही तेवढ्याच दिवसांची घ्या. आणि दिल्लीहून परतीची तिकिटं आत्ता काढू नका. उत्तरकाशीला उतरल्यावर काढा, महाग पडली तरी चालेल. नोकरीवरच्या साहेबांनाही १० ऑक्टोबरचीच तारीख सांगा, लवकर आलात तर कुणाची तक्रार नसते. पस्तीस दिवसांचं जमलं की पाच जणांची नावं, आधीच्या शिखराचे तपशील आणि दोराचा अंदाज पाठवा. धारेवर किती मीटर दोर आणि किती स्नो स्टेक लागतील ते त्यानंतर बोलू.